मेतरमामांचा पॅरोल

“पॅरोल? माका पॅरोल कशाक? मी काय चोर आसंय?”

मेतरमामांनी ॲप्रनची गाठ सोडता सोडता विचारलं. जहाजाच्या मेसमध्ये टेबलापलीकडे बसलेल्या इमिग्रेशनच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मामांचा शब्द त्यांना कळला नव्हता, पण चढलेला आवाज बरोबर कळला होता.

“काय म्हणताहेत?”

“म्हणताहेत, त्यांनी कुठलाही गुन्हा केलेला नाही.”

बाई किंचित हसल्यासारख्या झाल्या. “त्यांना सांगा, आमच्याकडे या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. व्हिसा नसलेल्या माणसाला एखाद्या तातडीच्या, माणुसकीच्या कारणासाठी थोडे दिवस आत येऊ द्यायचं, त्यालाही पॅरोलच म्हणतात.”

मी मामांना समजावून सांगितलं. मामा पुटपुटले, “दुसरो शब्द गावाक नाय यांका?”

हे मात्र मी बाईंना सांगितलं नाही.

त्या वेळी मी जहाजावर थर्ड ऑफिसर होतो, पंचविशीसुद्धा गाठली नव्हती. मी मूळचा इस्लामपूरचा, बिरनाळ्यांच्या घरातला. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं नाहीतर कृष्णेचं. पहिल्याच सफरीत मला समुद्र असा लागला की नोकरी सोडून पोहत घरी जावं असं वाटायचं. तेव्हा ज्या माणसानं केबिनचं दार ढकलून, काही न विचारता, पेजेचा टोप आणि लोणच्याचा खार पुढ्यात ठेवला, ते जनार्दन मेतर. मालवणजवळच्या देवबागचे, आमचे चीफ कुक. सगळं जहाज त्यांना मामा म्हणायचं. केरळचे, पंजाबचे, फिलिपिन्सचेसुद्धा. पण मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यांची मालवणी माझ्या तोंडी कधी नीट बसली नाही, आणि माझं सांगलीकडचं बोलणं ऐकून ते म्हणायचे, “साबांनू, तुमी भांडतास काय बोलतास ता माका अजून कळना नाय.”

आम्ही मका भरायला मिसिसिपी नदीत आलो होतो. किनाऱ्यावरचं धान्याचं उंचच उंच कोठार, त्यातून खाली येणारा मक्याचा लोट, आणि खाली गढूळ, रुंद नदी. ज्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता ते गावात जाऊन येत होते. मामांकडे तो नव्हता. या खेपेला त्यांना ब्राझीलमध्ये घाईघाईत चढवलं होतं, आधीचा कुक आजारी पडला म्हणून. त्याआधी मुंबईत त्यांनी लेकीकडे जाण्यासाठी दोनदा व्हिसा मागितला होता, आणि दोन्ही वेळा नकार मिळाला होता. बायको नाही, एकुलती एक मुलगी तिकडे. असा माणूस गेला की परत कशाला येईल, हा हिशेब खिडकीपलीकडच्या माणसाला एका नजरेत जमला होता.

ती लेक, नयना, आमच्या धक्क्यापासून मोटारीनं तासाभराच्या अंतरावर राहत होती. मामांना ते कळलं त्या दिवशी त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं, आणि सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

नयनाला दिवस गेलेले होते. अजून बरेच दिवस बाकी होते. पण आम्ही धक्क्याला लागलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचा फोन आला. रक्तदाब फार वाढलाय, इस्पितळात ठेवलंय, आजच ऑपरेशन करून बाळ काढावं लागेल. नवरा मिलिंद समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. धुकं इतकं पडलं होतं की हेलिकॉप्टर उडत नव्हतं.

“बाप पण दर्यात, घो पण दर्यात,” मामा म्हणाले. “चेडवाच्या नशिबाक सगळी खारीच माणसा.”

मी त्यांना हाताला धरून कॅप्टनकडे नेलं. कॅप्टन कुरियन वाईट माणूस नव्हते, पण घाबरट होते. व्हिसा नसलेला खलाशी पळाला तर कंपनीला मोठा दंड, आणि कॅप्टनच्या नावावर डाग. तरी त्यांनी एजंटामार्फत फोन लावला, आणि दुपारच्या आत इमिग्रेशनच्या वॉलरबाई शिडी चढून वर आल्या. वयानं पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, कमरेला पिस्तूल, आणि नाकावर घसरणारा चष्मा.

“हे पाहा,” त्यांनी मामांकडे न पाहता मला सांगितलं, “आजच्या कायद्यानं मला एवढाच अधिकार आहे की प्रत्येक माणसाचं कारण वेगळं बघायचं आणि ठरवायचं. पण वॉशिंग्टनमध्ये नवा प्रस्ताव आलाय. त्यांचं म्हणणं, हा अधिकार आम्ही फार सैल हातानं वापरतो. आता कारणं कायद्यातच लिहून टाकायची. जवळचा नातेवाईक मरणाच्या दारात असेल तर. अंत्यविधी असेल तर. स्वतःचा अवयव कुणाला द्यायचा असेल तर. अशी तीनचार. त्याबाहेरचं काही नाही.”

“प्रस्तावच आहे ना? कायदा झालेला नाही.”

“नाही झाला. पण माझ्या वरिष्ठांनी सांगून ठेवलंय, तो झालाय असं समजूनच वागा.” त्यांनी चष्मा वर सरकवला. “मागच्या वर्षी मी एका खलाशाला भावाला भेटायला सोडलं. तो परत आला नाही. ते माझ्या नावावर आहे.”

कॅप्टननी मान डोलावली, जणू हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

“बाळंतपण त्यात बसत नाही?” मी विचारलं.

“मरण बसतं,” बाई म्हणाल्या. “जन्म नाही बसत.”

त्या पुढे झुकल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “त्यांना विचारा, मुलीच्या जिवाला धोका आहे का? ते तसं म्हणाले तर मला तसं लिहिता येईल.”

मला त्या क्षणी त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले. दार त्यांनी स्वतःच किलकिलं केलं होतं. मी मामांकडे वळलो. “मामा, फक्त एवढंच म्हणा, की लेकीचा जीव धोक्यात आहे. ती वाचेल की नाही सांगता येत नाही. एवढं म्हणालात की झालं.”

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिवी दिली होती.

“ता माझ्या तोंडातसून येवचा नाय.”

“अहो मामा, रक्तदाब वाढलाय, ऑपरेशन आहे. अगदीच खोटं थोडंच आहे?”

“डॉक्टर काय म्हणालो? दोघांका सुखरूप काढतंव म्हणालो. मगे मी कशाक सांगू ती मरता म्हणान?”

“कायद्यासाठी, मामा!”

“कायदो ऱ्हवांदे थंय.” त्यांनी टेबलावर दोन्ही पंजे टेकले. भाजल्याचे जुने डाग असलेले ते जाड पंजे. “तिका सांगा, माझा चेडू मरूचा नाय. ता बाळंत होतला. आणि तेव्हा मी थंय होयो.”

बाई वाट पाहत होत्या. मी काही वेगळं सांगितलं असतं तरी मामांना कळलं नसतं. त्यांचं इंग्रजी भाजीपाला आणि मटणाच्या पलीकडे जात नव्हतं. खोटं जिभेवर आलंही होतं. पण ते पंजे तसेच टेबलावर होते, आणि माणूस माझ्याकडे अशा विश्वासानं बघत होता की मला दुसरं काही बोलताच आलं नाही.

“ते म्हणतात, त्यांची मुलगी मरणार नाही. ती बाळंत होणार आहे, आणि त्यांना तिथं असायचंय.”

कॅप्टन कुरियननी निःश्वास सोडला आणि खुर्ची मागे सारली. संपलंच होतं ते.

वॉलरबाई मात्र उठल्या नाहीत. “तिथं जाऊन ते करणार काय?” त्यांनी विचारलं. “ते काही डॉक्टर नाहीत.”

मी मामांना विचारलं. मामांनी थोडा विचार केला. “बसतलंय,” ते म्हणाले. “तिना डोळे उघडल्यान की कोणतरी आपलो दिसाक होयो ना? ती झाली तेव्हा मी नव्हतंय. शाळेत पयलो नंबर इलो तेव्हा नव्हतंय. लग्नाक पण दोन दिवस उशिरा पोचलंय, जहाज रखडला. एकदा तरी येळेर बसतंय.”

हे मी शब्दन् शब्द सांगितलं. बाईंनी मग इस्पितळाचा फोन नंबर मागितला, आणि बाहेर डेकवर जाऊन बराच वेळ बोलत राहिल्या. मेसच्या गोल खिडकीतून आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. कॅप्टन हळूच म्हणाले, “बिरनाळे, म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं घालवलं.”

बाई आत आल्या त्या उभ्या राहूनच बोलल्या.

“डॉक्टरही मरणाबिरणाचं बोलायला तयार नाही. सगळेच खरं बोलणारे भेटलेत आज मला.” मग त्यांनी कॅप्टनकडे पाहिलं. “तो प्रस्ताव अजून कागदावरच आहे. आज कायदा म्हणतो, कारण बघून मी ठरवायचं. मी ठरवलंय. उद्या दुपारपर्यंत. पण जहाजावरच्या एका अधिकाऱ्यानं सतत बरोबर राहायचं, आणि परत आणायची जबाबदारी त्याची.”

कॅप्टननी माझ्याकडे बोट केलं. “कळतंय ना? हा पळाला तर तुझाही व्हिसा गेला, आणि आपल्या कंपनीत पुन्हा पाय ठेवता येणार नाही. सही करतोस?”

मी सही केली. घरी आईनं माझ्या कोर्ससाठी पाटल्या मोडल्या होत्या, ते आठवलं. तरी केली.

नाविकांसाठी चालणाऱ्या एका सेवाकेंद्राची व्हॅन आम्हाला घेऊन गेली. मामांकडे बाहेर घालण्यासारखा शर्ट नव्हता, म्हणून त्यांनी माझा निळा घातला होता. पोटावरचं बटण काही लागेना. मांडीवर स्टीलचा डबा. त्यात तांदळाची पेज. ऑपरेशनच्या बाईला पेज कुठून देतील, म्हणून मी समजावलं, तर म्हणाले, “आज नाय तर उद्या खायत.”

इस्पितळात आम्ही पोचलो तेव्हा नयनाला आत न्यायची तयारी चालली होती. हाताला नळ्या, चेहरा सुजलेला. तिनं दारात बापाला पाहिलं. नुसती बघत राहिली. मग नर्सकडे वळून इंग्रजीत विचारलं, “तुम्हालाही दिसताहेत का हे?”

नर्स म्हणाली, “निळा शर्ट? दिसतोय की.”

“बाबा!” एवढंच ओरडली, आणि मग बापलेक दोघंही अशी रडली की नर्सला रक्तदाबाच्या यंत्राचा गजर बंद करावा लागला. मामा तिचा घाम माझ्या शर्टाच्या बाहीनं पुसत म्हणत होते, “रडू नको गो बाय. रडू नको. मी इलंय मा? मी हंयच बसलंय.”

तिला आत नेलं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. डबा मधे. मला राहवेना. “मामा, त्या बाईंनी स्वतःहून दार उघडलं होतं. एक शब्द बोलायचा होता. नशीब म्हणून निभावलं. नाहीतर आत्ता तुम्ही जहाजावर कांदा चिरत असता.”

मामा बंद दाराकडे बघत होते. मग बोलू लागले ते दाराशीच बोलल्यासारखे.

“ही व्हवची होती तेव्हा मी जपानाक होतंय. कॅप्टन सोडी ना. मगे मी भावाक सांगून तार मारूक लावलंय. ‘बायको सिरीयस, ताबडतोब पाठवा.’ तेव्हा सगळेच तशी तार मारीत. कॅप्टन देवमाणूस. डोळ्यात पाणी इला तेच्या. सोडल्यान माका. घराक पोचलंय तर बायल टुणटुणीत, ह्या मांडयेर घेऊन बसलेली. तारेचा सांगितलंय तर पोट धरून हसली. ‘माका मारलास काय ओ?’ म्हणान.”

ते स्वतःही थोडे हसले. मी पण हसलो.

“सात वर्सांनी दुसरी तार इली. तशीच. तेच शब्द. आणि कॅप्टन पण तोच, नशीब बघा.” त्यांनी डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. “तेना तार वाचल्यान, माझ्याकडे बघल्यान, आणि म्हणालो, ‘मेतर, पुन्हा तेच?’ माका शपथो घालूक लागले. पाय धरूचे लागले. मगे तेना खरा काय खोटा विचारूक मुंबईच्या ऑफिसाक कळवल्यान, ऑफिसातल्यांनी गावाक माणूस धाडल्यानी. माका सोडल्यानी तेव्हा उशीर झालेलो. मी घराक पोचलंय, तर बारावा झालेला. ही सात वर्सांची. खळ्यात एकटीच बसलेली.”

बंद दारामागून कुठल्यातरी यंत्राचा बारीक आवाज येत होता.

“तेचो राग नाय माका, कॅप्टनाचो. खरो शब्द मीच खर्च करून टाकलेलो.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो त्यांनी काढून घेतला नाही.

बाळ झालं. मुलगी. इतकीशी की मामांच्या एका पंज्यात मावली असती; पण त्यांना हात लावू दिला नाही, काचेच्या पेटीत ठेवली होती. मामांनी काचेला नाक टेकवलं. काचेवर वाफ आली की पुसायचे, पुन्हा टेकवायचे. नर्सनं दोनदा खुर्ची आणून दिली, पण ते बसले नाहीत. बसले ते नयनाला खोलीत आणल्यावरच. तिची गुंगी उतरेपर्यंत अगदी समोर, तिचे डोळे उघडतील तिथंच.

सकाळी मिलिंदचा फोन आला, की धुकं अजून तसंच आहे. नयनानं दोन घोट पेज घेतली. डॉक्टरनी परवानगी दिली होती. मग ती म्हणाली, “बाबा, तू रव.”

मी उठून दाराबाहेर गेलो. पण दार अर्धं उघडं होतं, आणि तिचा आवाज काही लपत नव्हता.

“मिलिंद येईस्तोवर तरी. मी एकटी काय करू? ती पेटीत, मी हंय. तू गेलंस तर परत तुका व्हिसा देवचे नाय, दोनदा नाय म्हटल्यानी. आता आत इलंस, कोण तुका शोधूक येतला? हंय कितीतरी जण ऱ्हवतत.” मग तिचा आवाज फुटला. “आईच्या येळाक पण तू नव्हतंस, बाबा.”

मामांनी पेजेच्या डब्याचं झाकण लावलं. मग उठून बाहेर आले. माझ्यासमोर उभे राहिले. निळ्या शर्टावर पेजेचा डाग पडला होता.

“साबांनू, मी ऱ्हवलंय तर तुमका काय करतले?”

मला सगळं आठवत होतं. कॅप्टनचं बोट, माझी सही, आईचे मोकळे हात. पण अर्ध्या उघड्या दारातून ती दिसत होती, भिंतीकडे तोंड करून पडलेली.

“काही नाही करणार,” मी म्हणालो. “फार तर चार शब्द बोलतील. तुम्ही राहा मामा. माझं मी बघून घेईन.”

मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलल्या. “तुमका अजून खोटा बोलूक येणा नाय,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. असा हात माझ्या वडिलांनीसुद्धा कधी ठेवला नव्हता. मग आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आत त्यांनी तिला काय सांगितलं, ते सगळं मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होते. तारेची गोष्ट सांगितली असणार, कारण मधेच नयनानं “काय?” म्हणून मोठ्यानं विचारलं. मी आत गेलो तेव्हा ती त्यांचा पंजा स्वतःच्या गालाखाली घेऊन पडली होती. मामा म्हणत होते, “त्या बाईन माझ्या तोंडाकडे बघून सोडल्यान गो. ता तोंड तिका परत नेऊन दाखवूक होया.”

नयनानं मला विचारलं, “तुमचं लग्न झालंय?”

“नाही.”

“मुलगी झाली तर तिला बोटीवरचा नवरा करून देऊ नका.” हे ती हसत म्हणाली, पण डोळे भरलेले होते. मग बापाला म्हणाली, “जा. परत येशील तेव्हा विचारून ये. दारातून ये.”

निघताना मामा पुन्हा एकदा काचेपाशी गेले. नर्सनं त्यांचे हात धुवून घेतले आणि पेटीच्या बाजूच्या भोकातून त्यांना एक बोट आत घालू दिलं. बाळानं ते धरलं. मामा ते बोट सोडवून घेईनात. शेवटी नर्सनंच सोडवलं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा दुपार व्हायला अजून वेळ होता. फाटकापाशी गाडीला टेकून वॉलरबाई उभ्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. आमची व्हॅन दिसली तशा त्या सरळ झाल्या, आणि दोन माणसं उतरताना मोजून पाहिली असावीत, कारण तेवढ्यात त्यांचे खांदे सैल पडले.

मामांनी त्यांना मोबाइलवरचा फोटो दाखवला. काचेच्या पेटीत काही दिसतच नव्हतं, टोपी आणि एक हात.

“सुंदर आहे,” बाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “त्यांना विचारा, मुलीनं राहा म्हटलं नाही?”

मी मामांकडे पाहिलं. मामांना प्रश्न न सांगताच कळला होता.

“म्हटलान,” मामा म्हणाले. “सांगा तिका. खूप म्हटलान.”

मी सांगितलं. बाई काही वेळ नदीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला. मामांनी आपला हात आधी माझ्या शर्टाला पुसला आणि मग दिला. एवढंच. बाई गाडीत बसल्या आणि निघून गेल्या. मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

मामा शिडी चढून थेट गॅलीत, आपल्या स्वयंपाकघरात, गेले. त्या दिवशी जहाजावर सगळ्यांना शिरा मिळाला, कॅप्टन कुरियनना दोन वाट्या. कॅप्टननी दुसरी वाटी संपवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, “मला माहीत होतं, हा परत येणार.”

त्या प्रस्तावाचं पुढे काय झालं, ते मी नीट पाहिलं नाही. तसे प्रस्ताव येतात, जातात, पुन्हा येतात. मी हळूहळू सेकंड ऑफिसर झालो, चीफ झालो, आता स्वतःचं जहाज घेऊन जातो. मामा त्या सफरीनंतर वर्षभरानं निवृत्त झाले आणि देवबागला घरी गेले. नयनाच्या हट्टानं त्यांनी तिसऱ्यांदा व्हिसा मागितला. या वेळी खिडकीपलीकडच्या माणसानं संगणकात बघितलं, की एकदा हा माणूस व्हिसा नसताना आत गेला होता आणि दिलेल्या वेळेआधी बाहेर आला होता. त्यानं मान वर करून मामांकडे पाहिलं, आणि व्हिसा दिला.

मी तेव्हा घरी रजेवर होतो. मामांचा फोन अमेरिकेतून आला, पोचल्यावर लगेच. आवाज अगदी कोवळा.

“साबांनू, विमानतळार तेंच्या ऑफिसरान विचारल्यान, किती दिवस रवतलास? तो दुभाषी पोरगो होतो, गुजराती. तेका म्हटलंय, सांग तेका, चेडू कंटाळता तवसर. ऑफिसर हसलो, आणि सहा म्हयन्याचो शिक्को मारल्यान!”

“मग आता सहा महिने मजा करा, मामा.”

तिसऱ्याच महिन्यात मी मालवणला गेलो होतो, एका मित्राच्या लग्नाला. देवबागला सहज चौकशी केली, तर मामा घरीच. लुंगी खोचून, हातात पाइप घेऊन माडांच्या आळ्यांत पाणी सोडत होते.

“मामा! तुम्ही इथं? काय झालं? नयना ठीक आहे ना?”

“बरी आसा. नात पळाक लागली. माका ‘मामा’ म्हणता, आजो म्हणाक तयार नाय.”

“मग परत का आलात? अजून तीन महिने राहता आलं असतं की.”

मामांनी पाइप दुसऱ्या माडाच्या बुंध्याशी टाकला, कमरेवर हात ठेवले, आणि या प्रश्नाचं त्यांना खरोखरच नवल वाटल्यासारखं माझ्याकडे बघत राहिले.

“थंय कोण ऱ्हवतला, साबांनू?” ते म्हणाले. “हंय माडांका पाणी कोण घालतला?”